सब घोडे बारा टक्के नसतात! घोड्याचा बांधा ओळखताना या चुका टाळा

घोडा घरी येऊन महिना होत नाही तोच माणसं विचारायला येतात, "आमचा घोडा एवढा बारीक का?" मी विचारतो, जात कोणती? उत्तर येतं, "चांगल्या जातीचा आहे." सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

बरगड्या दिसल्या म्हणजे उपाशी, अंग भरलं म्हणजे तब्येत. या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ती घोड्याच्या पायांवर येते. आमच्या पागेत एक थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) घोडी होती, उंच, लांब पायांची, छाती खोल आणि पोट वर ओढलेलं. शेजारी एक तट्टू, बुटकं आणि गोल. नवा आलेला पोरगा मनानं चांगला, घाई फार. "दादा, तट्टूला चंदी (दाणा) कमी का? तेपण राबतंच की." मी समजावलं. तरी माझ्या मागे तो दोघांना एकाच मापानं चंदी घालत राहिला. तट्टूच्या आयाळीखालचा मांसल पट्टा हळूहळू टणक झाला. सगळे म्हणाले, काय छान भरलंय!

एका सकाळी ते पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभं होतं. खुरावर हात ठेवला तर गरम. खुराच्या वर नाडी बोटाखाली ठणठणत होती. लॅमिनायटिस. पिष्ट आणि साखर जास्त गेली की अशा तट्टांच्या रक्तात इन्शुलिन चढतं, आणि खुराच्या आतलं हाड ज्या पडद्यांनी खुराच्या भिंतीला धरलेलं असतं ते सैल पडू लागतात. डॉक्टर आले, बर्फ लावला, चंदी बंद झाली, खाली मऊ अंथरूण घातलं. महिने गेले. ते चालायला लागलं, पण पूर्वीसारखं कधीच नाही.

तेव्हापासून मी चंदी मापानं देत नाही, काट्यावर तोलून देतो. घोड्याचं वजनही टेपनं काढतो: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले 11,880. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर 150 आणि लांबी 120 असलेलं तट्टू साधारण 227 किलोचं निघतं. घेर 185 आणि लांबी 165 असलेली घोडी 475 च्या आसपास. निम्म्याहून कमी अंगाला तेवढंच माप! शिंगराला आणि ओढकामाच्या अवजड घोड्याला मात्र हे सूत्र लावू नका.

आणि डोळ्यापेक्षा हातावर विश्वास ठेवा. घोड्याच्या अंगावरची चरबी ठरवायला हेनेके यांनी 1983 मध्ये मांडलेली 1 ते 9 ची श्रेणी हात फिरवूनच ठरते: मान, विदर्स (मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा), खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ. 5 म्हणजे बरगड्या दिसत नाहीत, पण बोटांना सहज लागतात. अखाल-टेके जातच सडपातळ. त्याला शायरसारख्या ओढकामाच्या अवजड घोड्याइतकं भरदार करायला जाणं म्हणजे त्याचे हाल.

एकाचं खोगीर दुसऱ्यावर. थरोब्रेडचे विदर्स उंच आणि अरुंद. अरबीची पाठ आखूड, कित्येकांना कमरेचे मणके 6 ऐवजी 5. एकावर बसणारं खोगीर दुसऱ्याला टोचतं किंवा शेवटच्या बरगडीच्या मागे जातं, आणि तिथे भार पडताच कामा नये. बसत नाही म्हणून खाली घडीवर घडी घालणं हा उपाय नव्हे. घट्ट बुटात जाड मोजे घातल्यासारखं होतं ते. मी वाकणारी तार विदर्सच्या मागे दाबतो, तो आकार पुठ्ठ्यावर गिरवतो आणि वर तारीख लिहितो. प्रत्येक घोड्याचा पुठ्ठा वेगळा. फेरी झाल्यावर खोगीर काढून घामाचा ठसा बघा: भिजलेल्या पाठीत एखादाच कोरडा डाग असेल तर बहुतेक तिथंच दाब पडतोय. पुढे तिथे पांढरे केस आले, तर इजा आधीच झालेली असते.

घोड्याची उंची "15.2 हात" सांगितली की तो दशांश समजणं. एक हात म्हणजे 4 इंच; 15.2 म्हणजे 15 हात 2 इंच, म्हणजे 62 इंच. 15.3 नंतर थेट 16.

कान बघून जात, जात बघून सगळा घोडा ठरवणं. आत वळलेले कान मारवाडीलाही असतात, काठियावाडीलाही. पाय, खूर, पाठ स्वतंत्र बघायचे.

दोन वर्षांच्या शिंगराची मागची बाजू विदर्सपेक्षा उंच दिसली की दोष काढणं. ते वाढतंय. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते, म्हणून लवकर पाठीवर बसायची घाई मला अजिबात पटत नाही. क्वार्टर हॉर्समध्ये तर मोठेपणीही मागची बाजू किंचित उंच राहू शकते.

फोटोवरून बांधा ठरवणं. समोरून, जवळून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. सपाट जमिनीवर, बरोबर बाजूने, चारही पाय दिसतील असा फोटो काढा, आणि सोबत टेपची दोन्ही मापं लिहून पाठवा.