कण्यावरचं नाव खरं मानू नका: जुन्या बांधीव नकाशांची नोंद करताना या चुका टाळा

चामड्याची जाडजूड बांधणी, कण्यावर, म्हणजे पुस्तकाच्या शिवणीकडच्या बाजूवर, सोनेरी अक्षरांत 'ब्लाऊ, ॲटलास, १६६२' आणि आत ८५ नकाशे. मी नवखी होते, टेबलावर आणखी सतरा खंड रांगेत होते. वीस मिनिटांत ग्रंथालयाच्या सूचीतली नोंद उरकली. लेखक डच नकाशाकार ब्लाऊ, वर्ष १६६२, नकाशे ८५. दोन वर्षांनी एका वाचकानं शांतपणे विचारलं, "१६६२ च्या पुस्तकात होमानच्या वारसांचा नकाशा कसा काय?" न्यूरेम्बर्गच्या होमान पेढीचे नकाशे 'होमानचे वारस' या नावानं निघू लागले ते १७३० पासून. खंड पुन्हा काढला. ब्लाऊचे नकाशे निघाले एकवीस. उरलेले सगळे नकाशे पाच-सहा वेगवेगळ्या प्रकाशकांचे, आणि सगळं एकत्र बांधून घेणारा कुणी हौशी मालक, शंभर वर्षांनंतरचा. पहिलाच नकाशा ब्लाऊचा होता, म्हणून बांधणाऱ्यानं कण्यावर तेच नाव टाकलं, आणि मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. बांधणी म्हणजे मालकाचं म्हणणं. नकाशांचं म्हणणं वेगळं असतं आणि ते एकेका नकाशाला विचारावं लागतं. पुढच्या बहुतेक चुका हे दोन आवाज एकत्र झाल्यामुळे होतात.

खंड दिसला की 'पुस्तक' समजणं

सोळाव्या ते अठराव्या शतकात नकाशे बऱ्याचदा सुटे विकले जात. गिऱ्हाईक दुकानात जाऊन हवे ते निवडायचं आणि बांधून घ्यायचं. रोममधल्या आंतोनियो लाफ्रेरीचं नाव अशा संग्रहांना इतकं चिकटलं की 'लाफ्रेरी ॲटलास' असा प्रकारच रूढ झाला. प्रत्यक्षात त्यांत व्हेनिसच्या प्रकाशकांचेही नकाशे सापडतात आणि दोन प्रती सहसा सारख्या नसतात. म्हणजे एका प्रतीची नोंद दुसरीकडून उचलून आपल्या प्रतीला लावणं ही सरळ सरळ चूक ठरते.

प्रकाशकानंच काढलेल्या ॲटलासचंही फारसं वेगळं नाही. नकाशाकार ऑर्टेलियसचं 'थिएट्रम' हे नकाशांचं पुस्तक १५७० मध्ये ॲन्टवर्पला निघालं तेव्हा त्यात नकाशांची ५३ पानं होती. पुढच्या आवृत्त्यांत ती वाढत गेली. ब्लाऊच्या 'ॲटलास मायोर'ची लॅटिन आवृत्ती ११ खंडांची, फ्रेंच १२ आणि डच ९. तेव्हा 'संपूर्ण संच' लिहिण्याआधी कोणत्या भाषेचा संच ते बघा. नकाशाच्या मागच्या बाजूला छापलेला मजकूर इथं फार उपयोगी पडतो. ऑर्टेलियसच्या नकाशांची तर आवृत्ती ओळखण्याची सुरुवातच त्या मजकुराची भाषा आणि ओळींची मांडणी बघून होते. पानं उलटताना मागची बाजू बघायचा कंटाळा करणारे बरेच आहेत. मीही त्यांतलीच होते.

संग्रह नंतर बांधला गेला आहे हे कशावरून ओळखायचं? कागद बदलतो. पानांचे कोपरे वेगवेगळ्या मापांत कापलेले असतात. काही नकाशे मधल्या घडीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर शिवलेले, तर काही थेट शिवलेले. हातानं घातलेले क्रमांक छापील क्रमांकांशी जुळत नाहीत. मागे काहींना लॅटिन मजकूर, काहींना फ्रेंच, काही कोरे. यांतल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की छापील शीर्षकपृष्ठ असलं तरी त्यावर विसंबू नका. जुनं शीर्षकपृष्ठ पुढं लावून मागे वाटेल ते बांधण्याची रीत होतीच.

मग नोंद कशी करायची? मार्क या ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदपद्धतीत लीडरच्या, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या संकेतओळीच्या, सातव्या जागी एकसंध प्रकाशनासाठी 'एम' आणि नंतर जमवलेल्या संग्रहासाठी 'सी' असा संकेत आहे. बरेच जण सवयीनं 'एम' ठेवतात. संग्रहाला स्वतःचं शीर्षक नसेल तर आपण दिलेलं शीर्षक चौकोनी कंसात घाला आणि ते आपण दिलं आहे हे टिपेत सांगा. कण्यावरचं नावही वाया घालवू नका. ते पर्यायी शीर्षक म्हणून द्या, कारण कुणी जुन्या यादीवरून तेच शोधत येईल. प्रत्येक नकाशाची स्वतंत्र नोंद करून ती ७७३ या फील्डमधून मूळ खंडाला जोडावी, असं माझं मत. (मार्कमध्ये प्रत्येक प्रकारच्या माहितीच्या फील्डला असा आकडा असतो.) तेवढा वेळ नसेल तर निदान आतल्या मजकुराच्या यादीसाठीच्या ५०५ मध्ये प्रत्येक नकाशाचं शीर्षक, प्रकाशक आणि वर्ष द्या. स्वतंत्र नोंद केलीत, तर ००८ मधल्या पंचविसाव्या जागी 'दुसऱ्या कृतीत बांधलेला' यासाठी 'जी' हा संकेत आहे, तो विसरू नका. नाहीतर वाचक सुटा नकाशा मागेल आणि कर्मचारी कपाटाचे खण धुंडाळत बसेल.

वर्ष ठरवण्याची घाई

तांब्याच्या पत्र्यावर एकदा कोरलेला नकाशा तीस-चाळीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त छापला जायचा. पत्रा विकला गेला की नवा मालक जुनं नाव घासून आपलं कोरायचा. वर्ष मात्र कधी तसंच राहायचं, कधी पुसलं जायचं. म्हणून नकाशावरचं वर्ष ही फार तर सुरुवातीची हद्द समजा. 'याआधीचा नाही' एवढं ते सांगतं. 'यानंतरचा नाही' हे नाही.

शेवटची हद्द शोधायला प्रकाशकाचा पत्ता, राजाच्या परवानगीचा उल्लेख, पदव्या आणि 'वारस', 'विधवा', 'जावई' असले शब्द कामाला येतात. पेढीचा पत्ता बदलला की नकाशावरचाही बदलायचा. दिवंगत माणसाचं नाव वर्षानुवर्षं छापलं जात असे, हेही लक्षात ठेवा: ऑर्टेलियस १५९८ मध्ये वारला आणि त्याचं पुस्तक १६१२ पर्यंत निघत राहिलं. एवढं करूनही नेमकं वर्ष लागलं नाही, तर 'सुमारे १७४०' असा आकडा अंदाजे ठोकण्यापेक्षा कंसात '१७३० ते १७५०' असा काळ द्या आणि त्याचं कारण एका ओळीत लिहा. पुढच्या माणसाला ती ओळ फार मोलाची.

रोमन आकड्यांतही एक खोच आहे. जुन्या छपाईत १००० साठी 'एम'ऐवजी 'सी', 'आय' आणि उलटा 'सी' अशी तीन अक्षरं शेजारी शेजारी येतात, आणि ५०० साठी 'आय' व उलटा 'सी'. हे 'सीआयसी' म्हणून वाचलं की वर्षाचं वाटोळं झालंच समजा.

सर्वांत मोठं नाव म्हणजे लेखक, हा गैरसमज

शीर्षकाच्या नक्षीदार चौकटीत ठळक अक्षरांत झळकणारं नाव अनेकदा ज्याला नकाशा अर्पण केला त्या सरदाराचं असतं. नकाशा कुणी केला ते शोधायला खाली, कोपऱ्यात बारीक अक्षरांत बघा. 'डेलिनियाविट' म्हणजे रेखाटलं, 'स्कल्प्सिट' म्हणजे कोरलं, 'एक्सकुडिट' म्हणजे छापून प्रसिद्ध केलं. कोरणाऱ्याला लेखक करून ठेवलेल्या नोंदी आजही तालिकांमध्ये भरपूर सापडतात.

प्रमाण न दिसलं की 'प्रमाण दिलेलं नाही' लिहून मोकळं होणं

जुन्या नकाशावर एकास अमुक असं प्रमाण क्वचितच सापडेल. तिथं पट्टी असते, आणि पट्टीवर जर्मन मैल, फ्रेंच लीग असलं काहीतरी. घाबरण्याचं कारण नाही. जर्मन मैल एका अंशात १५ बसतात, म्हणजे एक साधारण ७.४ किलोमीटरचा. फ्रेंच लीग कधी अंशाला २०, कधी २५. बहुतेक वेळा पट्टीच्या शेजारी ते लिहिलेलं असतं. समजा, वीस जर्मन मैलांची पट्टी ७ सेंटिमीटर भरली. वीस मैल म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर, तेव्हा प्रमाण साधारण १:२१,२०,००० येतं.

पडताळा घ्यायचा तर नकाशाच्या कडेला अक्षांशाचा एक अंश मोजा. तो सुमारे १११ किलोमीटरचा असतो. कडेवर ५.२ सेंटिमीटर आला, तर प्रमाण १:२१,३०,००० च्या आसपास. दोन्ही आकडे जवळ आले की निर्धास्त व्हा, आणि 'सुमारे' हा शब्द लावून २५५ मध्ये टाका. मोठा फरक पडला, तर सहसा लीग ओळखण्यात चूक झालेली असते.

चुकून रेखांशाचा अंश मोजणारे मात्र हमखास फसतात. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाताना आखडत जातो; ६० अक्षांशावर तो निम्माच उरतो.

रेखांशाची दुसरी भानगड शून्याची. ग्रिनिच हे सर्वांचं शून्य रेखावृत्त म्हणून सुचवलं गेलं ते १८८४ मध्ये, वॉशिंग्टनच्या परिषदेत. त्याआधी प्रत्येकाचं शून्य आपापलं. कॅनरी बेटांपैकी फेरो हे फार चालायचं आणि ते ग्रिनिचच्या पश्चिमेला सुमारे १७ अंश ४० कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरलं जातं. नकाशावर फेरोपासून ३० अंश पूर्व असेल, तर ग्रिनिचपासून १२ अंश २० कला. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० कलांवर. पण ही वजाबाकी आंधळेपणानं करू नका. खात्रीची घड्याळं येण्याआधीचे रेखांश मुळातच अंशांनी चुकलेले असतात. ०३४ मधले अक्षांश-रेखांशांचे आकडे वाचकाला शोधण्यासाठी आहेत. तिथं नकाशात दाखवलेल्या प्रदेशाचे आजचे अक्षांश-रेखांश द्या आणि नकाशावरचं शून्य कुठलं ते टिपेत लिहा. क्रमही तपासा: पश्चिम, पूर्व, उत्तर, दक्षिण. हा क्रम उलटला की युरोपचा नकाशा समुद्रात जाऊन पडतो.

मोजमाप

नकाशा मोजायचा तो आतल्या चौकटीच्या रेषेपर्यंत, आधी उंची, मग रुंदी. खंडाची उंची वेगळी, नकाशाची वेगळी; दोन्ही द्या. शिवणीत गेलेला भाग दिसावा म्हणून खंड सपाट दाबू नका, फोमच्या आधारावर ठेवून दोन्ही अर्ध मोजा आणि बेरजेला 'सुमारे' लावा. दोन प्रतींत काही मिलिमीटरचा फरक दिसला म्हणून पत्रा वेगळा असं समजू नका. छपाईच्या वेळी कागद ओला असायचा आणि वाळताना आकसायचा.

'रंगीत नकाशे' एवढंच लिहून थांबणं

ही चूक सर्वांत महागात पडते. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयात जमिनीवर पडलेलं ब्लेडचं पातं एका कर्मचाऱ्याच्या नजरेस आलं, आणि फोर्ब्स स्मायली हा नकाशांचा व्यापारी पकडला गेला. पुढे त्यानं वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. अशा वेळी पहिला प्रश्न येतो: हा नकाशा तुमचाच कशावरून? खंडाच्या नोंदीत नुसतं '८५ नकाशे, रंगीत' असेल, तर उत्तर द्यायला हातात काहीच नसतं.

म्हणून प्रतीच्या खुणा लिहा. कसरीनं पाडलेल्या भोकांची जागा, डाग, घडीवरची फाटकी कड, जुना शिक्का, हातानं रंगवताना बाहेर गेलेला रंग. मालकीच्या खुणांसाठी ५६१, बांधणीसाठी ५६३. छायाचित्र असलं, तरी हे शब्दांत लिहा. चित्र कुठल्या प्रतीचं, हे वीस वर्षांनी सांगणारा कुणी उरत नाही.

आणि एक विलक्षण गोष्ट शोधा. समोरासमोरची पानं वर्षानुवर्षं दाबली गेली की शाईची आणि हिरव्या रंगाची पुसट, उलटी छाया समोरच्या कागदावर उमटते. एकदा मला कोऱ्या पानावर अशी किनारपट्टी दिसली. आरसा धरून बघितलं, तर आडव्या बेटांची रांग स्पष्ट. समोर मात्र शिवणीपाशी कापलेली चिंचोळी कागदी पट्टी तेवढी उरली होती. आत नसलेल्या नकाशाचा तोच एक पुरावा होता. अशी पट्टी, अशी छाया दिसली की नोंदीत तसं लिहा: 'अमुक पानानंतर एक नकाशा कापलेला.' मालकानं हातानं लिहिलेली सूची असेल, तर तीही नकाशांशी ताडून बघा. तिथं असलेलं नाव आत सापडत नाही, असं बऱ्याचदा होतं.

आधीची नोंद चुकली आहे हे कळल्यावर

ती पुसून नवी करू नका. जुना बोधांक (कपाटात खंड शोधायचा क्रमांक), जुनं शीर्षक आणि जुने पानक्रमांक टिपेत ठेवा, कारण त्यावरून लोकांनी संदर्भ दिलेले असतात. पानांना क्रमांक घालायचे तर पेन्सिलीनं, उजव्या वरच्या कोपऱ्यात. कोऱ्या पानांनाही घाला. एकाच पानावर दोन नकाशे असतील, तर क्रमांकाला 'अ' आणि 'ब'. उलट भिंतीवर लावायचा मोठा नकाशा चार पानांत कापून बांधलेला असतो, तो एकच मोजा. कॅलिफोर्निया बेट म्हणून दाखवलेलं असो की नदी उलटी वाहत असो, शीर्षक आहे तसंच उतरवा आणि आजचं नाव विषयाच्या फील्डमध्ये द्या.

त्या 'ब्लाऊ'च्या खंडाची नवी नोंद करायला मला नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी कळलं की नकाशे ८५ नव्हतेच. ८२ होते. चार पानांचा एक भिंतनकाशा मी चारदा मोजला होता.