प्रेस शॉपचा नवीन सुपरवायझर? आधी बटणं तपासा
भोसरी-चाकणकडं प्रेस शॉपमध्ये नवीन सुपरवायझर झाला असाल तर प्रॉडक्शनचा आकडा नंतर बघा, शिफ्ट चालू व्हायच्या आधी प्रत्येक पॉवर प्रेसपाशी (पत्रा दाबून कापणारं, वाकवणारं मशीन) जाऊन एकच बटण दाबून बघा, रॅम (वरून दाबणारा भाग) खाली आला तर मशीन बंद, चर्चा नाही. दोन्ही हात बटणांवरच गुंतलेले राहावेत म्हणून तर दोन बटणं असतात. कुणी एका बटणात पाचर ठोकलीय का, टेप मारलीय का तेही बघा. पीस रेटवर (नगावर पैसे) काम असलं की हे होतंच, पोराला शिव्या घालण्याआधी टार्गेट कुणी दिलं ते आठवा.

डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलताना मेन स्विच बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या (प्रेसचं जड चाक, करंट बंद केला तरी बराच वेळ फिरतं), स्विचला कुलूप लावून चावी डाय बदलणाऱ्या सेटरच्याच खिशात, आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, म्हणजे तो खाली येऊ नये म्हणून ठोकळा. पीस काढायला चिमटा द्या, हात नको.

कॉन्ट्रॅक्टचा पोरगा पण तुमचीच जबाबदारी हां. 1948 चा फॅक्टरी अ‍ॅक्ट म्हणा की कामाच्या जागेच्या सेफ्टीचा 2020 चा नवा कोड, सेफ्टीची जबाबदारी आधी मालक-मॅनेजमेंटवरच आहे. 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, शपथ घेऊन फोटो काढणं सोपंय. मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी) तुटला तर तोंडी सांगू नका, तारीख आणि मशीन नंबर टाकून लेखी द्या, कॉपी ठेवा.