कानात प्रोड्युसर, समोर खेळाडू

बारावीचा निकाल लागला की मला दरवर्षी तेच मेसेज येतात, ताई क्रिकेट लय आवडतं, बोलायला पण येतं, टीव्हीवर स्पोर्ट्स अँकर व्हायचंय, काय करू. मी पण कधीकाळी हेच विचारत सोलापुरात पार्क चौकापासून सात रस्त्यापर्यंत फिरलेय आणि कुणी धड उत्तर दिलं नव्हतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. कोर्स कुठला, फी किती, हे यात नाही, ते तुम्ही शोधलंच असणार. आपल्या विद्यापीठात मास कॉम आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, कुठूनही करा. फक्त ते "तीन महिन्यांत अँकर, शंभर टक्के प्लेसमेंट" वाले क्लास असतात ना, तिथं आईबापाचे पैसे घालू नका. मी घातलेत. टेलिप्रॉम्प्टर वाचायला शिकवतात आणि साडीचा रंग सांगतात, बास.

माझी सुरुवात वक्तृत्व स्पर्धांतून झाली. शाळेपासून कपाटभर ट्रॉफ्या, हुतात्मा स्मृती मंदिरात निवेदन, गल्लीतला कुठलाही कार्यक्रम असो माईक माझ्याच हातात. घरात सगळे म्हणायचे ही टीव्हीवर जाणार. घोळ तिथंच झाला, कारण वक्तृत्वात समोरचे गप्प बसलेले असतात. टीव्हीत समोरचा बोलतो, आणि तेवढ्यात कानात अजून एक जण बोलत असतो.

आधी एका चॅनलला स्ट्रिंगर म्हणून लागले. स्टोरी चालली तर पैसे, नाही चालली तर पेट्रोल आपलं. तेव्हा कळलं की क्रिकेट क्रिकेट करून जिल्ह्यात बसलेल्या माणसाचं भागत नाही. मोठ्या मॅचचं फुटेज ज्यानं हक्क विकत घेतलेत त्याचं असतं, बाकीचे रिपोर्टर स्टेडियमच्या गेटबाहेर उभं राहून पीटीसी करतात, म्हणजे कॅमेऱ्याकडं बघून बातमी सांगतात, आणि प्रेस कॉन्फरन्सचे बाईट, म्हणजे बोलण्याचे तुकडे, लावतात. जानेवारी 2024 मध्ये आपल्या पार्क स्टेडियमवर रणजी परत आली तेव्हा अख्खं सोलापूर खूश होतं, पण रणजी काय दर महिन्याला येत नाही. रोजचं काम कुस्ती, खो-खो, कबड्डी, शालेय स्पर्धा. आणि हे कमी दर्जाचं काम आहे असं वाटत असेल तर आत्ताच थांबा. 2022 मध्ये किरण नवगिरेनं नागालँडकडून टी-ट्वेंटीत नाबाद 162 मारल्या, ती माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, पुरुषांच्या संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. अशा दिवशी मुंबईच्या डेस्कला भारी इंग्रजी बोलणारा नको असतो, वेळापूरला किती वेळात पोचशील याचं उत्तर देणारा लागतो.

तर, मी कुठं आपटले ते सांगते.

एका तालुक्याच्या गावात खो-खोची स्पर्धा होती, मुलींची फायनल, आणि चॅनलनं पहिल्यांदाच मला बॅकपॅक, म्हणजे मैदानावरनं थेट चित्र पाठवायचं पाठीवरचं मशीन, लावून लाइव्ह दिलं होतं. मी रात्रभर बसून सात प्रश्न लिहिले, पाठ केले, आरशासमोर तीनदा म्हणून बघितले. मॅच संपली, जिंकलेल्या संघातली जी सगळ्यात भारी पळाली होती ती मुलगी माझ्याशेजारी, धापा टाकतीय, गुडघ्याला माती. पहिला प्रश्न नीट गेला. दुसऱ्याच्या उत्तरात ती म्हणाली, "ही माझी शेवटचीच मॅच असंल, पुढच्या महिन्यात लग्न हाय, तिकडचे खेळू देतील का नाही म्हाईत नाही." अगदी सहज म्हणाली, हसत. त्याच वेळी माझ्या कानात प्रोड्युसर, "वीस सेकंद, गुंडाळ." आणि मी काय विचारलं माहितीये? "या विजयाचं श्रेय कुणाला देणार?"

तिनं दिलं श्रेय. सरांना, आईवडिलांना, गावाला. मी "धन्यवाद" म्हणून कॅमेऱ्याकडं वळले, आपण भारी केलं असं वाटत होतं. परतीच्या वाटेवर गाडीत कॅमेरामन म्हणाले, "म्याडम, ती पोरगी काय बोलली ऐकलात का नाही?" मला खरंच आठवेना. रात्री क्लिप बघितली तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चॅनलचा माणूस तिच्या घरी होता, आई, होणारा नवरा, सगळ्यांचे बाईट, अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला त्याच्यावर. ती पुढं खेळली का, हे विचारायची माझी आजपर्यंत हिंमत झालेली नाही.

हे परत परत सांगतेय कारण प्रत्येक नवा पोरगा इथंच फसतो आणि त्याला कळत पण नाही. तुमच्या डोक्यात पुढचा प्रश्न तयार असेल ना, तर समोरच्याचं उत्तर तुमच्यासाठी नुसता वेळ असतो, तो संपायची वाट बघायची. त्यात लाइव्हला स्टुडिओतला आवाज दोन-तीन सेकंद उशिरा येतो, अँकर एक म्हणतोय, प्रोड्युसर दुसरं म्हणतोय, मैदानावर हलगी वाजतीय, मग मेंदू जे पाठ आहे त्यालाच धरतो. म्हणून प्रश्न पाठ करायचेच नाहीत. मी आता तळहातावर तीन शब्द लिहिते, दुखापत, गाव, पुढं काय, असे. वाक्य लिहायचं नाही, वाक्य लिहिलं की ते म्हणायचा मोह होतोच. उत्तर संपलं की मनात एक-दोन म्हणायचं, बरेचदा माणूस खरं काय ते त्या दोन सेकंदांतच बोलतो. आणि पुढचा प्रश्न त्याच्याच उत्तरातला एक शब्द उचलून विचारायचा. प्रोड्युसर वीस म्हणाला तरी वीस सेकंदांत "शेवटची का गं?" एवढं विचारून होतं. पुढं काय ते चालू द्यायचं का तोडायचं हे त्यानं ठरवावं, त्याला पगार त्याचाच मिळतो.

"कसं वाटतंय" हा प्रश्न तर कायमचा बंद करा. त्याला "छान वाटतंय" सोडून उत्तर नाही. त्याऐवजी शेवटच्या मिनिटाला खांबाकडं का वळलीस, असं विचारा, बघा डोळे कसे चमकतात. पण हे विचारायला खेळ कळावा लागतो. पारंपरिक खो-खोत नऊ जणांचा संघ आणि नऊ मिनिटांची पाळी, 2022 ला सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खोत सात जण आणि सात मिनिटं, शिवाय तो वजीर, ज्याला कुठल्याही दिशेला पळता येतं. महाराष्ट्र केसरीत गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांची शेवटची कुस्ती होते. एवढं माहीत नसताना चॅनलचा बूम माईक घेऊन पैलवानासमोर उभं राहिलात तर तो नम्रपणे उत्तर देईल आणि वस्तादांकडं बघून हसेल.

सराव घरी होतो. एका कानात इअरफोन घालून बातम्या लावायच्या आणि आईला म्हणायचं भिशीत काय झालं ते सांग. पाच मिनिटांनी आईचं सगळं तिला परत सांगून दाखवायचं. पहिल्या आठवड्यात आई चिडते. माझी अजून चिडते.

गुरूबद्दल माझं मत जरा वेगळंय. मोठ्या अँकरच्या मागं फिरू नका, त्यांना स्वतःच्या स्लॉटची काळजी असते. कॅमेरामनच्या गाडीत बसा, ट्रायपॉड उचला. हेडफोनमधनं त्यांना सगळं ऐकू येतं, आणि तुमचं कुठं चुकलं ते तोंडावर सांगायला ते घाबरत नाहीत. रील्सनं फॉलोअर वाढतात हे खरंय, पण रीलमध्ये चुकलं की परत शूट करता येतं, तीच सवय लाइव्हला नडते.

भाषेचं टेन्शन मात्र घेऊ नका. आपलं "काय बे" ऑन एअर नको, एवढंच. बाकी हेल थोडा राहिला तर राहू दे. पहिल्या ऑडिशनला हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेले तेव्हा मी इतकी शुद्ध बोलले की समोरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही बातम्या सांगताय का श्लोक म्हणताय. 2023 पासून आयपीएलची कॉमेंट्री मोबाईलवर मराठीत ऐकू येतीय, तिथं पण लोकांना गप्पा मारल्यासारखंच बोलणं आवडतं. कॉमेंट्री आणि अँकरिंग ही दोन वेगळी कामं, ते खरं, पण मराठीत बोलणाऱ्यांना दारं आधीपेक्षा जास्त आहेत.

पैशाचं विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं घरची भाकरी लागते. ज्यांना घरून पाठबळ नाही त्यांनी दुसरं काहीतरी हाताशी ठेवा, यात लाज नाही, मी सकाळी ट्यूशन घ्यायचे आणि दुपारी मैदानावर. मिटिंगमध्ये कुणी "एक्सपोजर मिळेल" म्हणालं तर पेट्रोलचे किती मिळतील ते तिथंच विचारा, आणि स्टोरीचा रेट व्हॉट्सअपवर लिहून घ्या. माझ्या चार स्टोऱ्यांचे पैसे अजून यायचेत.