घरात टाइप १ मधुमेह असेल तर भावंडांची प्रतिपिंड तपासणी कशी करावी

टाइप १ मधुमेह कळतो तेव्हा मूल अनेकदा कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याची गंभीर अवस्था) होऊनच दवाखान्यात आलेलं असतं. खरं तर शरीराच्या संरक्षण यंत्रणेतल्या टी पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी कित्येक महिने, बहुधा कित्येक वर्षं आधीपासून मारत असतात. रक्तातली स्वप्रतिपिंडं (शरीराने स्वतःच्याच घटकांविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं) त्याची वर्दी देतात. सर्वसाधारण लोकांत हा आजार सुमारे ३०० जणांत एकाला होतो, तर रुग्णाच्या सख्ख्या नात्यात साधारण २० जणांत एकाला. म्हणून भावंडं आणि मुलं यांची तपासणी करावी.

रक्त कधीही देता येतं, उपाशीपोटी जायची गरज नाही. चारही प्रतिपिंडांची तपासणी मागा: इन्सुलिन, जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या प्रथिनांविरुद्धची. नुसती जीएडी करून घेणं ही नेहमीची चूक आहे, कारण अगदी लहान मुलांत बहुतेकदा इन्सुलिनविरोधी प्रतिपिंड आधी उमटतं. आईला मधुमेह असेल तर तान्ह्या बाळाच्या रक्तात तिचीच प्रतिपिंडं सापडू शकतात. नुकतंच शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) दिलेलं असेल तरीही रिपोर्ट फसवतो. एकदा निगेटिव्ह आलं म्हणून विषय संपत नाही. लहानपणी दोनदाच तपासणी जमणार असेल तर २ आणि ६ वर्षांच्या आसपास करा.

पॉझिटिव्ह आलं तर आधी नवा नमुना देऊन खात्री करा. एकच प्रतिपिंड असेल तर धोका बराच कमी असतो आणि कधीकधी ते पुढे नाहीसंही होतं. दोन किंवा जास्त पक्की झाली की गोष्ट बदलते: साखर नॉर्मल असली तरी हा आजाराचा पहिला टप्पा, आणि अशा मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना १० वर्षांत मधुमेह होतो.

यापुढे साखरेवर नजर ठेवायची. ३ वर्षांखालच्या मुलाची दर ३ महिन्यांनी, ३ ते ९ वयात ६ महिन्यांनी, त्यापुढे वर्षातून एकदा तरी. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी चाचणी) एकट्यावर विसंबू नका, ती उशिरा बदलते आणि रक्तक्षयात चुकीची येते. ग्लुकोज टॉलरन्स चाचणीला, म्हणजे ग्लुकोज पाजून साखर मोजण्याच्या चाचणीला, ८ तास उपास आणि किलोमागे १.७५ ग्रॅम ग्लुकोज लागतं, जास्तीत जास्त ७५ ग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला ३५ ग्रॅम. ते पाच मिनिटांत संपवायचं. उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी नव्याने करावी. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आलं, तर तो दुसरा टप्पा. या टप्प्यावर ८ वर्षांपुढच्यांसाठी टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं. सलग १४ दिवस शिरेतून देतात. मधुमेह त्याने टळत नाही, पण चाचणीत सरासरी दोन वर्षांहून अधिक लांबला. मुलासाठी दोन वर्षं इन्सुलिनविना ही फार मोठी गोष्ट आहे. नातेवाईकांना आधीच थोडं इन्सुलिन किंवा निकोटिनामाइड देऊन पाहिलं गेलं, त्याने आजार थांबला नाही. तेव्हा असलं काही घरच्या घरी सुरू करू नका.

घरी ग्लुकोमीटर ठेवा आणि पट्ट्यांची मुदत पाहा. सारखी तहान, सुटलेली अंथरुण ओलं करण्याची सवय पुन्हा सुरू होणं, वजन घटणं, यांतलं काही दिसलं की लगेच मोजा. मोजण्याआधी मुलाचे हात धुऊन कोरडे करा, बोटाला गोड लागलं असेल तर आकडा उगाच चढतो. २०० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, उद्याच्या उपाशीपोटी रिपोर्टची वाट पाहू नका.