लाकडी वाटीवरची उरुशी: घाई करणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

जपानच्या इशिकावा प्रांतातील यामानाका येथील कातीव लाकडी वाट्या पाहून अनेकांना तशी वाटी स्वतः करावीशी वाटते. अडचण एवढीच की, लेथवर हात बसण्याआधीच नवशिक्यांना उरुशीच्या लेपाची चकाकी हवी असते.

सर्वांत महागात पडणारी चूक उरुशी वाळवताना होते. उरुशी हा झाडाचा चीक आहे. तो रंगासारखा उन्हात वाळत नाही, तर हवा दमट असेल तरच त्यातील विकर (एन्झाइम) त्याला घट्ट करते. त्यासाठी साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाचे आणि ७० ते ८० टक्के आर्द्रतेचे बंद कपाट लागते. एका शिकाऊ मुलाने भर हिवाळ्यात लेप दिलेल्या वाट्या हीटरसमोर मांडल्या. खोलीतील हवा कोरडी झाल्याने त्या चिकटच राहिल्या, तेव्हा त्याने घाबरून कपाटात ओली फडकी कोंबली आणि वाट्या आत ठेवल्या. जाड लेपावर लगेच साय धरली, आतला चीक मात्र ओलाच राहिला आणि पृष्ठभागावर सुरकुत्या उमटल्या. मग उघड्या हातांनी तो लेप घासायला बसला आणि मनगटापासून कोपरापर्यंत उतला. उरुशी आणि आपला बिब्बा एकाच कुळातले आहेत, हे मी हातमोजे देतानाच सांगतो, ऐकतात थोडेच. मी स्वतः पातळ लेप देऊन तो कापडाने जवळजवळ पुसून काढतो, कपाटात एकच ओले फडके ठेवतो आणि आर्द्रतामापक पाहिल्याशिवाय दार लावत नाही.

दुसरी चूक ओल्या लाकडाची. वाटी आधी जाडसर कातून ठेवावी, काही महिने सुकू द्यावी आणि मगच तिला अंतिम आकार द्यावा. एका बैठकीत पुरी केलेली वाटी हमखास लंबगोल होते. यामानाकात वाटीचा अक्ष खोडाच्या उभ्या दिशेने ठेवतात, म्हणून पातळ काठही फारसा वाकत नाही. फळीतून आडवी वाटी काढून काठ तितकाच पातळ करण्याचा हट्ट मला समजत नाही.

बोथट हत्याराची कसर सॅंडपेपरने भरून काढू नये. तिकडचे कातारी आपली हत्यारे स्वतः घडवतात, आपण निदान धार तरी लावावी. तयार वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, पाण्यात भिजत टाकू नये आणि धुतल्यावर उन्हात वाळवू नये, कारण अतिनील किरणांनी उरुशीची चकाकी जाते. मऊ फडक्याने लगेच पुसणे पुरते.