एक अंडं पडतं कितीला? शेतावरच्या पन्नास कोंबड्यांचा खानदेशी हिशेब

पूर्ण वाढलेली सुधारित गावरान कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, अंडं देवो की न देवो. तयार लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य) किलोला ३४ रुपये धरला तर ११५ ग्रॅमचे रोजचे ३ रुपये ९० पैसे होतात. (हे आणि पुढचे सगळे भाव हिशेबापुरते आहेत; त्यांच्या जागी आपल्या गावचे घाला.) पन्नास कोंबड्यांनी रोज पस्तीस अंडी दिली तर एका अंड्यात ५ रुपये ६० पैशांचं खाद्य गेलं. पंचवीसच दिली तर ७ रुपये ८० पैशांचं. पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी जवळपास तेवढंच खाऊन वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, म्हणून दुकानातल्या पांढऱ्या अंड्याशी भावात टक्कर घ्यायला जाऊच नका. तपकिरी अंड्याचं वेगळं गिऱ्हाईक आहे, आणि ते बांधून घेतल्याशिवाय पिल्लं आणू नयेत.

अस्सल गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते. ती स्वतःचं पोट स्वतः भरते तोवर ठीक, विकत खाद्य घालायला लागलात की तोटा. ग्रामप्रिया, कावेरी या सुधारित जाती परसात नीट सांभाळल्या तर १६० ते १८० पर्यंत जातात. वनराजा, गिरिराज अंगाने भरतात, अंड्याला त्यांच्या मागे राहतात. अंडी हाच धंदा असेल तर पहिल्या दोनपैकी एक घ्या.

पिल्लं घेताना पहिला घोळ होतो तो संख्येचा. बऱ्याच ठिकाणी एक दिवसाचं पिल्लू नर-मादी न निवडता देतात. म्हणजे पन्नास तलंगा (अंड्यावर यायच्या माद्या) हव्यात तर एकशे दहा-पंधरा पिल्लं घ्यावी लागतात. नर १२ ते १४ आठवड्यांत विकून टाका. त्यानंतर ते खातात जास्त, वाढतात कमी. एक तलंग वीस आठवड्यांची होईपर्यंत आठ किलोच्या आसपास खाते. पिल्लाची किंमत, लस, ऊब, मेलेल्यांचा वाटा धरून ती ३८० रुपयांना पडते. दीड वर्षाची होऊन २५० ला गेली तर मधले १३० रुपये तिच्या अंड्यांवर बसले. घसाऱ्याचा हा आकडा नवखे धरतच नाहीत, आणि मग पहिल्या सहा महिन्यांत हातात येणारा पैसा निव्वळ नफा वाटतो.

आता वर्षाचा हिशेब. एका कोंबडीची अंडी १६०. सगळं खाद्य विकतचं असेल तर ४२ किलोचे १,४२८ रुपये, म्हणजे अंड्याला ८ रुपये ९० पैसे. घसारा, मर, औषध, वीज यांचा दीड रुपया मिळवा: १० रुपये ४० पैसे. अंडं अकराला विकलं तर हाती साठ पैसे. तीच कोंबडी शेतात मोकळी फिरली आणि जुलै ते फेब्रुवारी ५५ ग्रॅमवर, मार्च ते जून ९० ग्रॅमवर भागलं, तर वर्षाचं विकत खाद्य साडेचोवीस किलोच्या आत राहतं आणि अंडं पावणेसात रुपयांच्या आत पडतं. फुटलेली, घरात खाल्लेली वजा जाता साडेसात हजार अंडी विकली तर वर्षाला एकोणतीस हजारांच्या आसपास सुटतात. शेडचा खर्च यात नाही. रोजचा दीड तास खपायचा, तोही यात नाही. तो शेतमजुरीच्या दराने मांडून बघा आणि मगच ठरवा.

घरची ज्वारी, घरचा मका फुकट नसतो. बाजार समितीत जो भाव मिळाला असता तोच वहीत लिहा. घरी खाद्य बनवायचं तर शंभर किलोला मक्याचा भरडा ५२, सोयापेंड २२, गव्हाचा कोंडा १४, शिंपल्याचा चुरा ९.५, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १.२, मीठ ३०० ग्रॅम आणि उरलेल्या किलोत व्हिटॅमिन-मिनरल मिश्रण व मेथिओनिन (प्रथिनाचा घटक). प्रथिनं साडेसोळा टक्क्यांपर्यंत भरतात. एका वेळी वीस दिवसांपुरतंच दळा. मात्र हे अंड्यावर आलेल्या कोंबडीचं खाद्य आहे. लहान तलंगांना एवढं कॅल्शियम घातलं तर मूत्रपिंडं जातात. शिंपला सोळा-सतरा आठवड्यांनंतरच.

खानदेशात सरकीची ढेप घरोघरी असते, तेव्हा सोयापेंडीऐवजी तीच घालायचा मोह होतो. घालू नका. सरकीतल्या गॉसिपॉल या द्रव्यामुळे बलक हिरवट-तपकिरी पडतो, आणि असं अंडं फोडलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. दुसरा धोका खरिपाच्या मक्याचा. परतीच्या पावसात भिजलेला दाणा न वाळवता पोत्यात भरला की बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, यकृत बिघडतं आणि अंडी हळूहळू कमी होतात. कारण महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही. दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा. काळा-हिरवा मका जनावरालाही नको.

मोकळं सोडताना शेजारच्या कपाशीवर फवारणी कधी आहे ते विचारून ठेवा. पेरणीच्या दिवसांत तर डांबूनच ठेवा, औषध लावलेलं बियाणं त्या उकरून खातात. रावेर-यावलकडे केळीबागेची सावली आयती मिळते, पण ठिबकच्या नळीजवळची ओली माती उकरून कोंबड्या रोपांची मुळं उघडी पाडतात.

वेळ साधणं इथे सर्वांत महत्त्वाचं. श्रावण ते नवरात्र अंड्याला मागणी थंड असते, थंडी पडली की उठते. पिल्लं जूनच्या मध्यात आणली तर बावीस आठवड्यांनी, म्हणजे नोव्हेंबरात, अंडी सुरू होतात. फेब्रुवारी-मार्चला आणलेली नेमकी श्रावणात अंड्यावर येतात. हिवाळ्यात दिवस अकरा तासांचा होतो आणि कोंबडीला चौदा तास उजेड लागतो. पहाटे चार ते सात टायमरवर एक एलईडी पुरतो. संध्याकाळी लावाल तर तो अचानक विझल्यावर कोंबड्या अंधारात चाचपडत राहतात.

मग आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागेचा उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापून अंग थंड करते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि कवच पातळ होतं. मर होते ती बहुतेक दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान. म्हणून खाद्य उजाडताच आणि सूर्य कलल्यावर, दुपारी खाद्याची भांडी रिकामी. पाणी नेहमीच्या दुप्पट, मातीच्या भांड्यात, दिवसातून तीनदा बदललेलं. पत्र्याला बाहेरून चुना, पश्चिमेच्या जाळीला ओली बारदानं. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, जागा कोंबडीमागे दोन चौरस फूट. या दिवसांत कळपात कोंबडा ठेवू नका: फलित अंडं या उष्णतेत दोन-तीन दिवसांतच आत वाढायला लागतं आणि रक्ताचं वलय दिसतं. खाण्याच्या अंड्याला कोंबडा लागतच नाही.

लस चुकवून होणारी बचत महागात जाते. मानमोडीची (राणीखेतची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरोची चौदाव्या, लासोटा पुन्हा अठ्ठाविसाव्या, देवीची सहाव्या-सातव्या आठवड्यात, मानमोडीची आर-टू-बी आठव्या ते दहाव्यात. कुपी शंभर किंवा जास्त डोसांची येते आणि विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. शेजारच्या दोन-तीन खुराड्यांशी दिवस जुळवून एकत्र आणा. दवाखान्यापासून बर्फातच.

देशात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली, २०२१ च्या सुरुवातीला तो तिथे पुन्हा आला. अशा वेळी ठरावीक परिघातल्या परसातल्या कोंबड्याही नष्ट करतात, आणि बातमी पसरताच दूरच्या गावातही गिऱ्हाईक थांबतं. मोठ्या फार्मवरचे वापरलेले कागदी ट्रे स्वस्तात मिळतात; रोग येण्याची ती सोपी वाट आहे, नवेच घ्या.

खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी तीन-चार आठवडे अंडी देत नाही. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह चार दिवस ठेवली की बहुधा उतरते. खरी छाटणी आखाडात करा, तेव्हा कोंबडीला भाव असतो. रात्री एकेक उचलून बघा: तुरा लाल-मऊ, गुदद्वार ओलसर, कमरेच्या दोन हाडांत तीन बोटं बसत असतील तर ती चालू आहे. तुरा सुकलेला, हाडांत एकच बोट जातं, पाय पिवळेधमक असतील तर ती आयतं खाते आहे. सकाळच्या बाजारात न्या.