दिवाळीचं काम श्रावणात

हातकागदाचे आकाशकंदील, तोरणं आणि संक्रांतीच्या वाणासाठी छोट्या वह्या करायला लागून मला सात वर्षं झाली. या कामात नव्याने येणाऱ्या मुली बहुतेक वेळा पहिला प्रश्न डिझाइनचा विचारतात. मी त्यांना आधी कागदाचा दमटपणा ओळखायला सांगते. दिवाळीचं काम आषाढ-श्रावणात हातात घ्यावं लागतं, आणि नेमका तेव्हाच कागद हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो.

पहिल्या वर्षी मी 25 चौकोनी कंदील केले. बाहेर संततधार, आत मी कामट्यांच्या चौकटींवर कागद चारही बाजूंनी खळीने घट्ट चिकटवत होते. वाळल्यावर सगळं सुरेख दिसलं. मग ऑक्टोबरचं ऊन तापलं, आठवड्याभरात कागद आकसला आणि त्याने कामट्या आत ओढल्या. अकरा चौकटी पिळवटल्या. वसुबारसेच्या आदल्या रात्रीपर्यंत मी ते कंदील पुन्हा करत बसले होते.

असं का होतं, ते कागद कसा बनतो हे पाहिल्यावर उमगलं. पुण्यात शिवाजीनगरला 1940 साली हातकागद संस्था सुरू झाली. तिथला कागद सुती चिंध्यांचा. चिंध्या कुटून केलेला लगदा पाण्यात कालवतात, चाळणीच्या साच्यावर उचलतात आणि पाणी निथळताना साचा हलवतात. त्यामुळे तंतू सगळ्या दिशांना पसरतात. दमट हवेत तंतू फुगतात आणि ताव लांबी-रुंदी दोन्हीकडे वाढतो. गिरणीच्या कागदाला ग्रेन असते, म्हणजे त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेला असतात, म्हणून तो एकाच बाजूला जास्त वाढतो. ही कला आपल्याकडे फार जुनी आहे. दौलताबादजवळचा कागझीपुरा, पुण्याच्या कसब्यातला कागदीपुरा ही नावं कागद करणाऱ्यांवरूनच पडली. जुने कागदी लोक तावाला खळ देऊन दगडाने घोटत, म्हणून बोरूची शाई फुटत नसे. तुम्हीही नव्या तावाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. लगेच शोषला गेला, तर तो कागद लिहायच्या वहीसाठी घेऊ नका, कंदिलाला चालेल.

आता मी मे महिन्यात प्रत्येक नव्या गठ्ठ्यातून बरोबर 30 सेंटीमीटरची एक पट्टी कापते आणि टेबलाशेजारी टांगून ठेवते. पावसाळ्यात ती स्टीलच्या पट्टीला लावून मोजायची. कधी एक मिलिमीटर वाढलेली असते, कधी दोन. जेवढी वाढ, तेवढा कागद कंदिलाला सैल ठेवते. खळ फक्त वरच्या आणि खालच्या कामटीला लावते, उभ्या कडा नुसत्या दुमडून घेते. आत बल्ब एलईडीचाच हवा, जुना तापणारा बल्ब नको. खळ मैद्याची, रोज ताजी करायची. टिकावी म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत, पण ते विषारी आहे. घरात मुलं असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

वह्यांचं गणित सोपं आहे. बाजारात मिळणारा ताव साधारण 22 बाय 30 इंचांचा. त्याचे 16 तुकडे केले, की साडेपाच बाय साडेसातचा एक तुकडा. असे चार तुकडे एकात एक घडी घातले, की 16 पानी वही होते. एका तावात चार वह्या. घडी घालण्याआधी रेघेवरून ओला ब्रश हलकाच फिरवा, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. मुखपृष्ठाचा कागद आणि आतला कागद एकाच दिवशी बाहेर काढून एकत्र दोन रात्री वजनाखाली ठेवा, मगच कापा.

शिलाई तीन भोकांची. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, सरळ खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. मग आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोन टोकं घेऊन त्याच्यावर गाठ मारायची. सुरुवातीला माझी भोकं फाटायची. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडर काकांनी माझा हात धरून दाखवलं होतं, "ताई, दोरा पाठीच्या रेषेतच ओढायचा. वर ओढलात की कागद सुटला." त्यानंतर माझं एकही भोक फाटलेलं नाही.

पैशांबद्दल एवढंच सांगते, की किंमत ठरवताना वेळ मोजा. पहिली वही शिवायला मला 40 मिनिटं लागली होती, आता 12 लागतात; सुरुवातीची किंमत 12 मिनिटांच्या हिशोबाने लावली असती तर मी टिकले नसते. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी घ्या, कागद आपल्याला रोखीने आणावा लागतो. कात्रणं टाकू नका. दसऱ्याला आपट्याच्या पानाच्या आकाराची शुभेच्छापत्रं त्यातूनच निघतात.

यंदाची पट्टी काल मोजली, दीड मिलिमीटर जास्त भरली. म्हणून कंदिलांची चिकटवाचिकटव अजून सुरू केलेली नाही. सध्या रोज दुपारी संक्रांतीच्या वह्या शिवते आहे.